समुद्रावरच्या उजेडात नीट दिसण्यासाठी गॉगलची काच कशी निवडावी

कोकणातल्या प्रत्येक गजबजलेल्या किनाऱ्यावर गॉगलची एक तरी टपरी असते. आपण आरशात बघतो, सोबतचा माणूस ‘शोभतोय’ म्हणतो आणि खरेदी संपते. दोन दिवस फिरायला आलेल्याचं तेवढ्यावर भागतं. ज्याला रोज पाण्याकडे बघायचं आहे त्याचं भागत नाही. पर्यटकांच्या होडीवर नव्याने लागलेली मुलं, खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, उभं राहून गरी टाकायला शिकणारे, बाइकने घाट उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारे, नोकरीनिमित्त देशावरून रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे राहायला आलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गॉगल उजेड कमी करतो, पण तेवढंच त्याचं काम नाही. उजेड कमी झाल्यावर जे बघायचं आहे ते आधीपेक्षा जास्त स्पष्ट दिसलं पाहिजे: पाण्याखालचा खडक, समोरून येणारी लाट, जाळ्याचा बोया, रस्त्यातला खड्डा. जी काच हे दाखवत नाही ती कितीही महाग असली तरी तुमच्या कामाची नाही.

पहिली पायरी: तुमचा उजेड कोणता ते ओळखा

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, आणि दिवसभराचा उजेड बराचसा यावरच ठरतो. सकाळी पुळणीवर उभे राहिलात तर सूर्य पाठीमागे, सह्याद्रीच्या बाजूला असतो. पाणी समोरून उजळतं, चमक कमी असते, रंग स्वच्छ दिसतात. या वेळी काळ्या काचेची गरज जवळजवळ नसतेच. पण पहाटे बाहेर गेलेली होडी सकाळी बंदराकडे वळते तेव्हा तिचं तोंड पूर्वेला असतं, आणि तोच सूर्य थेट डोळ्यांत येतो. म्हणजे एकाच वेळी किनाऱ्यावरच्याला गॉगल नको असतो आणि होडीवरच्याला हवाच असतो.

दुपारनंतर चित्र उलटतं. सूर्य समुद्रावर कलू लागला की सूर्यापासून तुमच्या पायापर्यंत चमकीचा एक पट्टा तयार होतो आणि त्या पट्ट्यात काही म्हणजे काही दिसत नाही. संध्याकाळी मालवणच्या धक्क्यावर बघा, होडी चालवणारे जुने तांडेल अजूनही कपाळावर आडवा हात धरून त्या पट्ट्याच्या बाजूबाजूने नजर फिरवतात.

मे महिन्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे याच महिन्यात असतो. त्या भर दुपारी शांत पाण्यावर पडलेला उजेड बराचसा पाण्यात शिरतो आणि जो थोडा परततो तो सरळ वर जातो, त्यामुळे पाण्याची चमक उलट कमी वाटते. त्रास होतो तो एकूण प्रखर उजेडाचा आणि वाळूचा. वाळूवाळूतही फरक असतो. रत्नागिरीत पांढरा समुद्र आणि मांडवीचा काळा समुद्र एकाच शहरात आहेत. दोन्हीकडे एकाच दुपारी दहा-दहा मिनिटं उघड्या डोळ्यांनी चाला, डोळे किती मिचकावले जातात त्यावरून फरक कळेल.

पावसाळ्याचा उजेड अगदी वेगळा. आकाश सगळीकडून सारखंच पांढुरकं, कशाचीच सावली पडत नाही, पाणी गढूळ. अशा वेळी डोळ्यांना उजेड जास्त होत नाही. अडचण असते ती उठाव नसण्याची. खड्डा, पायरी, चढ, उतार सगळं एका पातळीवर दिसतं. इथे काळी काच घातली तर होतं-नव्हतं तेही जातं.

तर दुकानात जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं ठरवा. काय बघायचं आहे, किती वाजता, आणि तेव्हा सूर्य कुठे असतो? काच निवडताना दिवसातला सगळ्यात प्रखर उजेड धरू नका. ज्या सगळ्यात अवघड उजेडात तुम्हाला काम करावंच लागतं, तो धरा. दुपारी बाराला डोळे मिचकावून भागवता येतं. संध्याकाळी साडेसहाला खाडीच्या मुखाशी काळ्याकुट्ट काचेतून खडक दिसला नाही, तर तिथे भागवण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी पायरी: काळेपणा आकड्यात मोजा

काचेतून किती टक्के उजेड आत येतो त्याचा एक आकडा असतो, त्याला व्हीएलटी म्हणतात. त्यावरून गॉगलचे ० ते ४ असे पाच वर्ग पाडलेले आहेत. नीट बनवलेल्या गॉगलवर हा वर्ग दांडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो, नाहीतर सोबतच्या कागदावर असतो.

वर्ग ० म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त उजेड आत, जवळजवळ पारदर्शक. वर्ग १ मध्ये ४३ ते ८० टक्के, वर्ग २ मध्ये १८ ते ४३, वर्ग ३ मध्ये ८ ते १८, आणि वर्ग ४ मध्ये फक्त ३ ते ८ टक्के.

कोकणातल्या उघड्या उन्हाला वर्ग ३ पुरतो. समुद्रावर, पुळणीवर, ऑक्टोबर ते मे, सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत हाच घ्या. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून, गावातल्या रस्त्यांवरून, सकाळ-संध्याकाळ वापरायचा असेल तर वर्ग २ जास्त सोयीचा. तिथे दर दहा पावलांवर ऊन-सावली बदलते आणि वर्ग ३ घालून सावलीत शिरलं की दोन क्षण काहीच दिसत नाही. वर्ग १ ढगाळ दिवसासाठी.

वर्ग ४ विसरा. तो उंच हिमशिखरांसाठी आणि हिमनद्यांसाठी आहे, आणि गाडी चालवायला तो चालत नाही. दुकानदार ‘सगळ्यात डार्क’ म्हणून कौतुकाने दाखवेल, तरी नम्रपणे परत ठेवा. वाहन चालवण्याबाबत आणखी एक आकडा लक्षात असू द्या: ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड आत सोडणारी कोणतीही काच संधिप्रकाशात आणि रात्री गाडी चालवायला योग्य धरत नाहीत. म्हणजे दिवेलागण झाली की कुठलाही खरा गॉगल उतरवायचाच.

तिसरी पायरी: अतिनील किरणांचा हिशोब वेगळा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. काच जितकी काळी तितके डोळे सुरक्षित, असं वाटणं साहजिक आहे, पण काळेपणाचा आणि अतिनील किरणांचा संबंध नाही. पूर्ण पारदर्शक काचही अतिनील किरण अडवू शकते आणि कुट्ट काळं प्लास्टिक ते आत सोडू शकतं. दुसऱ्यात धोका जास्त, कारण काळोखामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला वाट रुंद मिळते.

म्हणून ‘यूव्ही ४००’ असं लिहिलेलं बघा. याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरी, म्हणजे सगळे अतिनील किरण, अडवले जातात. लिहिलेल्यावर विश्वास नसेल तर तालुक्याच्या गावातल्या बऱ्याचशा चष्म्याच्या दुकानांत ते तपासायचं छोटं यंत्र असतं. गॉगल ठेवला की क्षणात कळतं. टपरीवरून घेतलेला असला तरी तिथे नेऊन तपासून घ्यायला संकोच करू नका. पॉलिकार्बोनेट या कणखर प्लास्टिकची काच बहुतेक अतिनील किरण मुळातच शोषून घेते, ही एक जमेची बाजू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरण परत फेकते आणि समुद्राचा फेस साधारण २५ टक्के. म्हणजे डोक्यावर टोपी असली तरी खालून मारा चालूच असतो. ढग पातळ असतील तर त्यांतूनही बरेच किरण खाली पोचतात, म्हणून सप्टेंबरातले अर्धवट ढगाळ दिवसही फसवे ठरतात. वर्षानुवर्षं ऊन, वारा आणि खारा तुषार खाणाऱ्यांच्या डोळ्यांत, पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा एक मांसल पडदा वाढतो. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. बंदरावरच्या वयस्क खलाशांच्या डोळ्यांत तो सहज दिसतो. मोतीबिंदूलाही अतिनील किरणांचा हातभार लागतो. मुलांच्या डोळ्यांतलं भिंग मोठ्यांपेक्षा जास्त किरण आत सोडतं, म्हणून मुलांना खेळण्यातला रंगीत गॉगल देऊ नका. एकतर यूव्ही ४०० द्या, नाहीतर रुंद काठाची टोपी घालून सावलीत ठेवा.

चौथी पायरी: पोलराइज्ड काच कधी, कुठे आणि कुठे नको

पाण्याशी ज्याचा संबंध आहे त्याने ही पायरी घाईने ओलांडू नये.

पाण्यासारख्या आडव्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड बराचसा एकाच दिशेने, आडवा कंप पावत येतो. पोलराइज्ड काचेत एक पातळ पापुद्रा असतो, तो हा आडवा उजेड अडवतो आणि उभा आत सोडतो. चमक गेली की पाण्याच्या आतून येणारा उजेड डोळ्यांपर्यंत पोचतो आणि तळ दिसू लागतो.

हे करून बघण्यासारखं आहे. ओहोटीला खडपावर जा, एखाद्या डबक्याशी उभे राहा आणि साध्या डोळ्यांनी बघा. पाण्यावर आकाशाचा पांढरा पडदा दिसेल, बाकी काही नाही. आता पोलराइज्ड गॉगल घाला. पडदा निघून जातो. खडकाला चिकटलेली कालवं, शेवाळाचे हलणारे तंतू, कपारीत शिरणारा खेकडा आणि मुख्य म्हणजे खडकाची कड नेमकी कुठे संपते आणि खोल पाणी कुठे सुरू होतं, ते दिसतं. मग मान हळूहळू खांद्याकडे कलती करा. पांढरा पडदा परत येतो. काच खरी पोलराइज्ड आहे की नाही, याची यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

पण हा परिणाम सगळीकडे सारखा नसतो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. १८१५ साली डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने याचा नियम मांडला. पाण्यापुरता त्याचा हिशोब तोंडी करता येतो. तुमचे डोळे पाण्यापासून जितके उंच, त्यात त्या उंचीचा तिसरा हिस्सा मिळवा. तेवढ्या अंतरावरच्या पाण्यात काच सगळ्यात चांगलं काम करते. पाण्यालगत उभे असाल आणि डोळे दीड मीटरवर असतील तर समोर दोन मीटरवर. धक्क्यावर उभे असाल आणि डोळे पाण्यापासून साडेचार मीटरवर असतील तर सहा मीटरवर. त्याच्या आसपासही चांगलं दिसतं, पण जितकं लांब बघाल तितका फायदा कमी होत जातो. म्हणून होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभं राहून जवळचे खडक टाळणाऱ्याला ही काच वरदान आहे, आणि क्षितिजाकडे डोळे लावून बसलेल्याला तिचा तेवढा फरक जाणवत नाही.

सूर्याचंही तसंच. सूर्याच्या दिशेने बघताना चमक पूर्ण मारली जाते ती सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंश वर असताना, म्हणजे आपल्याकडे ऋतूप्रमाणे सकाळी नऊ-दहा आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला. सूर्य बुडायला टेकला की समुद्रावरची लालसर चमक पोलराइज्ड काचेला फारशी जुमानत नाही. तेव्हा टोपीचा पुढचा काठ खाली ओढणं आणि होडीची दिशा थोडी तिरकी ठेवणं जास्त उपयोगी पडतं.

आता नको कुठे, ते. होडीवरचा जीपीएस, फिश फाइंडर, मोबाइल यांचे पडदे या काचेतून ठराविक कोनात काळे पडतात. नवा माणूस यंत्र बंद पडलं समजून घाबरतो. गॉगल घेताना आपला मोबाइल उभा आणि आडवा धरून त्यातून बघा. कुठल्या कोनात काळा पडतो ते लक्षात ठेवा, म्हणजे होडीवर मान जरा कलती करायची हे आपोआप सुचेल. रस्त्यावरही थोडं जपून. ओल्या रस्त्याची चमक मारली गेल्याने खालचा डांबराचा पृष्ठभाग छान दिसतो, पण पुढे रस्ता ओला आहे ही खूण त्या चमकेनेच मिळत असते. पहिल्या पावसात घाटातल्या वळणावर मला ती चमक दिसलेली बरी वाटते, म्हणून बाइकवर मी पोलराइज्ड काच घालत नाही. चारचाकीला ती चालते.

पाचवी पायरी: काचेचा रंग

बाहेरून दिसणारा आरशासारखा निळा, हिरवा, सोनेरी रंग हा वरचा मुलामा असतो. तो थोडा उजेड परत फेकतो, बाकी दिसण्यात त्याने फार फरक पडत नाही. खरा रंग बघायचा तर गॉगल उलटा करून, आतल्या बाजूने पांढऱ्या भिंतीवर किंवा कागदावर धरा. जो रंग दिसेल तो तुमच्या डोळ्यांना मिळणार.

राखाडी काच सगळे रंग सारखेच मंद करते, म्हणून रंग जसेच्या तसे राहतात. भर समुद्रात, प्रखर उन्हात, दिवसभर घालायला हीच. बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा बोया ठेवायचा असतो. ज्याला ही खूण ओळखून होडी आत आणायची आहे, त्याने रंगांशी खेळ करणारी काच घालू नये.

तपकिरी किंवा तांबूस काच निळा उजेड कापते. त्यामुळे उठाव वाढतो, कडा धारदार दिसतात. खाडीच्या हिरवट-मातकट पाण्यात, उथळ खडपावर, बोय किंवा पालू या माशांच्या मागे असणाऱ्याला हीच काच घ्यायला सांगेन. घाटरस्त्यावरही तिने खड्डे आणि कठड्याची कड लवकर कळते. एकच गॉगल घ्यायचा असेल तर कोकणासाठी माझं मत तपकिरीला आहे.

हिरवट-राखाडी काच या दोन्हींच्या मधली. कुणालाही चालते.

पिवळी काच ढगाळ दिवशी, धुक्यात, आंबोलीसारख्या ठिकाणी दिवसा थोडा उठाव देते. पण ‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून ती विकतात ते घेऊ नका. समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर येत असताना पिवळ्या काचेने रस्त्यावरचा पादचारी लवकर दिसतो का, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासात तपासलं होतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काहीही फायदा दिसला नाही. रात्री जितका उजेड मिळेल तितका डोळ्यांना हवा असतो, आणि कुठलीही रंगीत काच त्यातला थोडा काढूनच घेते.

निळ्या-जांभळ्या काचा दिसायला छान, कामाला नाहीत.

वर गडद आणि खाली फिकी अशी काच गाडी चालवायला उत्तम, कारण वरून येणारा प्रखर उजेड अडतो आणि डॅशबोर्डवरचे आकडे फिक्या भागातून दिसतात. समुद्रावर मात्र उजेड खालूनच येतो, तिथे ती उघडी पडते.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांबद्दल हमखास विचारलं जातं. त्या अतिनील किरणांनी काळ्या होतात. गाडीच्या समोरच्या काचेतून ते किरण फारसे आत येत नाहीत, म्हणून गाडीत त्या नीट काळ्या होत नाहीत. शिवाय थंडीत जास्त गडद आणि उष्णतेत कमी गडद, असा त्यांचा स्वभाव आहे. एप्रिल-मे महिन्यात कोकणच्या उकाड्यात त्या अर्धवटच काळ्या होतात. गावात, बाजारात, वाडीत फिरायला ठीक. समुद्रावर त्यांच्या भरवशावर राहू नका.

सहावी पायरी: घाट, बोगदा आणि पाऊस

मुंबई-गोवा महामार्गावरचा कशेडीचा बोगदा, किंवा झाडांनी गच्च झाकलेलं घाटातलं वळण. उन्हातून काळ्या काचेने अशा ठिकाणी शिरलात तर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात बाइक कितीतरी पुढे गेलेली असते. बोगद्याचं तोंड दिसताच वेग कमी करा आणि गॉगल कपाळावर सरकवा. हेल्मेटमध्ये ते जमत नाही, म्हणून बाइकवाल्यांनी वर्ग २ पेक्षा गडद काच घेऊच नये, किंवा ज्या हेल्मेटला आत खाली-वर होणारी गडद पट्टी असते तसं हेल्मेट घ्यावं. ती बोटाने वर ढकलता येते.

पावसाळ्यात हेल्मेटची बाहेरची काच पूर्ण पारदर्शकच हवी. काळी काच लावून अंबा घाट पावसात संध्याकाळी उतरणं म्हणजे स्वतःला आणि समोरच्याला धोका. आतून वाफ धरते त्यावर पापुद्र्यासारखी एक अँटी-फॉग पट्टी मिळते, ती खरोखर काम करते. आणि काचेवर बारीक ओरखडे पडले असतील तर काच बदला. दिवसा ते जाणवत नाहीत, पण रात्री समोरच्या एसटीचा दिवा प्रत्येक ओरखड्यावर फुटतो.

सातवी पायरी: काच कशाची, फ्रेम कशी

गरी टाकणाऱ्यांनी आणि बाइकवाल्यांनी पॉलिकार्बोनेटचीच काच घ्यावी. अडकलेली गरी जोराने ओढली की सुटून थेट तोंडाकडे येते. शिशासकट आलेली गरी आणि डोळा यांच्यामध्ये तेव्हा फक्त ती काच असते. खरी काच दिसायला सगळ्यात स्वच्छ आणि ओरखड्यांना दाद न देणारी, पण जड आणि फुटणारी, म्हणून होडीवर नको.

फ्रेम चेहऱ्याभोवती वळलेली घ्या. बाजूने येणारा उजेड अडला नाही तर काचेचा अर्धा गुण वाया जातो. साध्या धातूची फ्रेम खाऱ्या हवेत बिजागरीपाशी लवकर गंजते, नायलॉनसारखी हलकी, लवचीक फ्रेम टिकते. मागे दोरी हवीच, आणि ती तरंगणारी असेल तर उत्तम. पाण्यात पडलेला गॉगल बुडायला वेळ लावत नाही.

चष्मा असणाऱ्यांसाठी दोन वाटा. नंबरचा गॉगल करून घ्या, तो पोलराइज्डही करून मिळतो. किंवा चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल घ्या, तो स्वस्तात होतो आणि बाजूचा उजेडही अडवतो. चष्म्यावर चिमटीने लावायच्या काचा होडीच्या हिंदकळण्यात टिकत नाहीत.

निगा थोडक्यात सांगता येईल, पण तीच सगळ्यात जास्त चुकते. काचेवर तुषार वाळला की मिठाचे बारीक स्फटिक राहतात. ती काच टॉवेलने, शर्टाच्या टोकाने पुसली की स्फटिक काचेवर घासले जातात आणि वरचा मुलामा जातो. आधी गोड्या पाण्याने धुवा, बोटाने हलकेच, थोडा साबण चालेल. मग मऊ कापडाने टिपा. होडीवर गोड्या पाण्याची बाटली असतेच, त्यातलं झाकणभर पाणी पुरतं. डोक्याला लावलेलं खोबरेल आणि अंगाचं सनस्क्रीनही काचेवर धुरकट थर देतं, त्यालाही साबणच. नेलपॉलिश काढायचं द्रव्य कधी लावू नका, पॉलिकार्बोनेट कायमचं पांढरं पडतं. गॉगल गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका.

बर्फाकडे निघालेल्यांसाठी

हल्ली रत्नागिरी-सिंधुदुर्गातूनही मुलं स्की शिकायला गुलमर्गला आणि औलीला जातात आणि समुद्रावरचाच गॉगल घेऊन जातात. तो पुरत नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, आपल्या वाळूच्या पाचपट. शिवाय दर १००० मीटर उंचीला हे किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. उघड्या डोळ्यांनी दिवसभर बर्फात राहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. बुबुळाचा वरचा थर भाजल्याची ती खूण.

स्कीचा गॉगल चेहऱ्याला स्पंजाने चिकटून बसतो आणि त्याची काच दुपदरी असते. मधल्या हवेमुळे वाफ धरणं कमी होतं. निरभ्र दिवसाला ८ ते १८ टक्के उजेड सोडणारी राखाडी किंवा तपकिरी काच. ढगाळ दिवशी आणि हिमवर्षावात जमीन आणि आकाश एकच पांढरं होऊन चढ-उतार दिसेनासे होतात. तेव्हा ४० टक्क्यांहून जास्त उजेड सोडणारी गुलाबी किंवा पिवळी काच. पोलराइज्डबद्दल तिथेही तोच पेच आहे, कारण गोठलेल्या बर्फाचा कडक पट्टा पुष्कळदा चमकीवरूनच ओळखू येतो. नवशिक्याने काचा बदलता येणारा गॉगल घ्यावा, किंवा तिथे भाड्याने घेताना दोन्ही काचा मागाव्यात. आणि पूर्ण पांढरं झालं की काचेवर विसंबू नये, झाडांच्या कडेने, शिक्षकाच्या मागे राहावं.

दुकानात

आता खरेदी. दुकानात सकाळी किंवा दुपारी जा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काच कळत नाही. वर्ग आणि यूव्ही ४०० वाचा. उलटा करून खरा रंग बघा. गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराच्या चौकटीची कड बघा आणि हात हळूहळू हलवा. कड वाकडी-तिकडी होत असेल तर काच सदोष आहे, ती दिवसभर घातली की डोकं दुखतं. पोलराइज्ड म्हणून दिलेला असेल तर तसाच दुसरा मागा, एकावर एक काटकोनात धरा. दोन्ही खरे असतील तर मधला भाग काळा होईल. मग तो घालून दुकानाबाहेर पाच मिनिटं उभे राहा. उन्हात बघा, सावलीत बघा, समोरच्या दुकानाची पाटी वाचा. पावती घ्या.

पैसे एकाच गॉगलपुरते असतील तर तपकिरी, पोलराइज्ड, वर्ग ३, पॉलिकार्बोनेट, चेहऱ्याभोवती वळलेला. बाइकच जास्त असेल तर तोच, पण वर्ग २ आणि पोलराइज्ड नसलेला. दुसरा गॉगल घेण्याची ऐपत असेल तर तोही काळा घेऊ नका. यूव्ही ४०० असलेला पारदर्शक घ्या. पहाटे होडी बाहेर काढताना, ढगाळ दिवशी खडपावर, संध्याकाळी घाटात, वारा आणि तुषार डोळ्यांवर येत असताना तोच जास्त वेळ डोळ्यांवर राहील.